दुपारची दुसरी भट्टी

मागच्या रविवारी फोनवर मी तुम्हाला गच्चीवरून बारामती दाखवत होते, तेव्हा धाकटीने विचारलं, "दादी, आपली बेकरी बंद झाली का?" दुपारचे चार वाजले होते आणि बेकरीच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. तुम्ही जेव्हा जेव्हा इथे आलात, तेव्हा चारच्या सुमाराला तिथून धूर निघताना पाहिलात, म्हणून तिला तसं वाटलं. बेकरी चालू आहे. पण ती बंद पडण्याच्या बेतात आली होती हे खरं. कशी वाचली हे फोनवर सांगता येत नाही. गोष्ट रंगात आली की तुमची आई आंघोळीला हाक मारते. म्हणून लिहून पाठवते आहे.

तुम्ही जिला छोटी दादी म्हणता, ती माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर निमगाव केतकी. माझे दीर गेल्यापासून बेकरी तीच चालवते. पहाटे कुलूप उघडण्यापासून मैद्याच्या पोत्यांपर्यंत सगळं तिच्याकडे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, आणि बेकरीला लागून असलेल्या आमच्या घरात राहते. आमच्यात एकच भिंत आहे, आणि ती भट्टीची असल्यामुळे थंडीत माझं स्वयंपाकघर फुकट उबदार राहतं.

भट्टी तुम्ही बाहेरून पाहिली आहे, आतून नाही. विटांची एक बुटकी खोली समजा, माणूस उभा राहणार नाही इतकी कमी उंचीची. तिला एक रुंद तोंड. आत लाकूड पेटवायचं, विटा तापल्या की निखारे एका बाजूला ओढायचे आणि लांब दांड्याच्या फळीने पावाचे पत्रे आत सरकवायचे. म्हणजे पाव जाळावर भाजत नाही, तापलेल्या विटांवर भाजतो. हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. माहीत झालं ते एका डॉक्टरणीमुळे.

बेकरीच्या मागे लहान मुलांचा दवाखाना झाला आहे. वर फ्लॅट, खाली दवाखाना. तिथली डॉक्टर तरुण आहे, बोलायला सरळ. गणपती झाल्यावर एके दिवशी ती स्वतः दुकानात आली.

"मावशी, रागावू नका," ती जावेला म्हणाली.

"रागवायला तुमी काय माझं सोनं न्हेलं का? बसा."

"चार वाजता माझ्याकडे पेशंट यायला लागतात. दम्याची मुलं असतात. नेमकी तेव्हाच तुमची भट्टी पेटते. खिडक्या लावल्या तर आत गुदमरतं, उघडल्या तर सगळी खोकतात."

"आमची भट्टी आधी, का तुमचा दवाखाना आधी?"

"भट्टी आधी," डॉक्टर लगेच म्हणाली.

जाऊ भांडायच्या तयारीने उभी राहिली होती, ती खाली बसली. समोरच्याने कबूलच केल्यावर भांडणार कशी?

डॉक्टर म्हणाली की वरच्या फ्लॅटमधले लोक नगरपालिकेत जायचं म्हणतात. दिवाळीपर्यंत ती त्यांना थांबवून धरील. त्यापुढे तिला धरता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर धरावंसं वाटणारही नाही.

ती गेल्यावर जाऊ बराच वेळ काउंटरवरची काच पुसत राहिली. विजेवरची भट्टी तिने याआधीच कुणाकडे तरी पाहून ठेवली होती. "त्ये कपाट हाय भाभी, भट्टी न्हाय," ती म्हणाली. "त्यात माझी खारी फुगंल का? आन् लाईट गेली की? ही भट्टी विझली तर मी काय हितं बसून माशा मारू?"

मला मात्र दुसराच एक प्रश्न पडला. भट्टी पहाटे पेटते, ते समजतं. सकाळी पाव लागतो. मग दुपारी तीन-साडेतीनला पुन्हा का पेटते? डॉक्टरला त्रास होता तो त्या दुसऱ्या पेटवण्याचा. जाळ धरेपर्यंतच धूर सर्वांत दाट असतो.

मी आमच्या मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री माळेगावकडचे, वयस्क, भट्टी त्यांच्या हातात. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"तात्या, दुपारी परत का पेटवता?"

"संध्याकाळचा पाव लावायचा आसतो."

"संध्याकाळी एवढा पाव का लावायचा?"

"भट्टी पेटलेली आसती म्हणून."

बोलून झाल्यावर तेच हसायला लागले. जावेला विचारलं तर ती म्हणाली, "सासऱ्यांच्या येळंपास्नं हाय तसं." सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती.

मग मी काही दिवस दुपारचा चहा दुकानात घेऊ लागले, आणि संध्याकाळचा पाव कुठे जातो ते पाहू लागले. काही लाद्या वडापावच्या गाड्यांवर जात. थोड्या घरोघरी. आणि बऱ्याचशा कुठेच जात नसत. त्या रात्रभर वाळत, दुसऱ्या दिवशी त्यांचे काप होत, आणि पुन्हा भाजून त्यांचा टोस्ट होई. टोस्टला शिळाच पाव लागतो. त्यामुळे उरलेला पाव कधी उरल्यासारखा दिसलाच नव्हता. टोस्ट आहे म्हणून पाव, पाव आहे म्हणून टोस्ट, आणि दोन्हींसाठी जाळ. लाकूड इंदापूरकडून टेम्पोने येई, बहुतेक वेडी बाभूळ. त्यात अलीकडे मोडक्या फर्निचरची रंग लावलेली फळकुटंही असत. ती पेटली की डोळ्यांत झोंबे.

खरं कारण सापडलं ते एका निवृत्त एसटी कंडक्टरकडून. ते रोज बटर घ्यायला येतात आणि अर्ध्या तासाने जातात. माझा प्रश्न त्यांनी ऐकला आणि छातीवर हात मारला.

"ही दुपारची भट्टी माझ्यापायी पेटायची!"

"तुमच्यापायी?" जाऊ म्हणाली. "तुमी तर एक बटर घेता."

"अवो, तुमचं सासरं पावाच्या पाट्या माझ्या गाडीच्या टपावर टाकायचं. संध्याकाळची इंदापूर मुक्काम गाडी. निमगावचा बाजार दुसऱ्या दिवशी. तितं तवा कुठं व्हती बेकरी? गाडी सुटायच्या आत पाव पायजे, म्हणून दुपारी भट्टी. म्या घंटी मारली की पीठ लागल्या हातानं पळत यायचं."

जाऊ काच पुसायची थांबली. "म्हंजी ल्हानपणी मी आमच्या बाजारात जो पाव खायची, त्यो हितला?"

"मग काय आभाळातनं पडायचा व्हय?"

आमची जाऊ या घरात सून होऊन यायच्या आधीच या भट्टीचा पाव खात होती, हे तिला त्या दिवशी कळलं. त्या आनंदात तिने त्यांना बटरचे पैसे लावले नाहीत. मी मात्र दुसऱ्याच विचारात होते. निमगावात आता स्वतःच्या बेकऱ्या आहेत. गाडीच्या टपावर पाट्या चढवणं कधीच बंद झालं. तरी त्या गाडीसाठीचा जाळ रोज दुपारी पेटत होता.

मग आता बंद करायला काय हरकत? हरकत होती ती वडापाववाल्याची. स्टँडजवळ त्याची गाडी आहे.

"सकाळचा पाव?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकून मारंल, मॅडम."

जावेने काही वाद घातला नाही. सकाळच्या काही लाद्या तिने गरम असतानाच कापडात गुंडाळून लाकडी पेटीत घट्ट बंद केल्या. संध्याकाळी त्यातली एक आणि दुपारच्या भट्टीतली एक, अशा दोन त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने दाबून पाहिल्या, वास घेतला, दोन्हीत एकेक वडा भरला.

"ह्यो ताजा," त्याने एक उचलून सांगितलं. "वडा घातला तरी फाटत न्हाय. दुसरा बघा, लगेच चिरला."

"त्यो फाटत न्हाय त्यो सकाळचा हाय," जाऊ म्हणाली.

"तुमी मला फसवलं."

"तू फसलास म्हंजी पाव चांगला हाय."

त्याने तो वडापाव खाऊन टाकला आणि सकाळच्या लाद्या घ्यायला तयार झाला. फक्त एक अट घातली: हे शेजारच्या गाडीवाल्याला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भट्टी बंद. त्या दिवशी चार वाजता आम्ही दोघी मागच्या दारात उभ्या राहून दवाखान्याच्या उघड्या खिडक्या पाहत होतो. मला वाटलं, काम झालं.

पहाटे तात्यांच्या आवाजाने मला जाग आली. भिंतीपलीकडून ते ओरडत होते. मी गेले तेव्हा पत्रे बाहेर आले होते आणि पाव वरून पांढराफटक, खालून ओला. भट्टी तापतच नव्हती. तात्या लाकडं घालत होते आणि विटा ती उष्णता गिळत होत्या. उजाडून कितीतरी वेळ झाला तरी धुराडं धुमसत होतं. दुपारचं जे लाकूड वाचलं होतं ते सगळं पहाटेच खर्ची पडलं.

"भाभी," जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या प्रश्नानं माझा पाव कच्चा ऱ्हायला."

मला त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. विटांची ती खोली इतक्या वर्षांत कधी अर्ध्या दिवसाहून जास्त जाळाशिवाय राहिलीच नव्हती. दुपारचा जाळ मुळात एसटीसाठी होता. एसटीची गरज संपली, पण दरम्यान त्या जाळाने गुपचूप दुसरं काम धरलं होतं: तो रात्रभर विटा कोमट ठेवत होता आणि पहाटेचं काम हलकं करत होता. हे कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. जुन्या सवयीचं कारण गेलं म्हणजे ती रिकामीच असते असं नाही.

आता प्रश्न बदलला. जाळ न करता विटा कोमट ठेवायच्या कशा?

पहिली गोष्ट तात्यांना सुचली. भट्टीच्या तोंडाला पूर्वी लोखंडी झाकण होतं. दोनदा पेटवायची म्हटल्यावर रोज ते काढा-घाला कोण करणार, म्हणून ते कधीतरी काढून ठेवलं होतं. शोधलं तर ते मागच्या अंगणात पाण्याच्या हौदावर सापडलं, त्यावर बसून आम्ही कपडे धूत होतो. घासून ते परत बसवलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. लाकूड ओलसर होतं, आणि ओलं लाकूड धुराशिवाय पेटत नाही.

दुसरी गोष्ट जावेची. ती भट्टीसमोर उभी राहून विचार करत होती, आणि एकदम म्हणाली, "आमची आई रात्री चूल विझली की उद्याचं सरपण चुलीच्या उबंला लावून ठिवायची. सकाळी काडी लावली की भडका. ही पण चूलच की, जरा मोठी."

म्हणजे काम संपल्यावर उरलेल्या उष्णतेत दुसऱ्या दिवसाचं लाकूड आतच ठेवायचं, झाकण लावायचं. लाकूड वाळेल, उष्णताही राहील. मला हे इतकं पटलं की मी लगेच लाकडं उचलायला लागले. तात्या म्हणाले, "जरा उतरू द्या तिला. आतमधी निखारं हायेत." पण जावेला दिवाळी जवळ दिसत होती. तिने निखारे न ओढताच भट्टी बाभळीने गच्च भरली आणि झाकण लावलं.

चारच्या सुमाराला झाकणाच्या फटींतून पिवळट, जड धूर यायला लागला. तो वर जाईना, जमिनीवरूनच सरकत दवाखान्याकडे निघाला. तात्या ओली पोती आणून फटींत कोंबत होते, जाऊ बादलीने पाणी मारत होती, मी माझ्या ओढणीने वारा घालत होते, आणि त्याने धूर आणखीच पसरत होता. डॉक्टर तोंडाला मास्क लावून मागच्या दारात आली.

"मावशी, हे काय आज?"

जावेचे डोळे लाल झाले होते, धुराने असतील. ती म्हणाली, "आज ह्ये शेवटचं हाय. एक तर ह्यो धूर शेवटचा, न्हायतर भट्टी शेवटची."

डॉक्टर परत गेली. खिडक्या एकेक करून बंद झाल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाकण उघडलं. आत बाभळीचा निम्मा कोळसा झाला होता. "आपुन कोळशाची भट्टी लावली की, वैनी!" तात्या म्हणाले. जाऊ हसली नाही. पण ते कोळसे आणि उरलेली कोरडी लाकडं पेटवली, तेव्हा भट्टी पटकन तापली. धूर अगदीच थोडा. जाऊ बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मग म्हणाली, "युक्ती बरुबर हाय. आमची घाई चुकली."

तेव्हापासून क्रम ठरला. सकाळी पाव, मग खारी, मग आदल्या दिवशीच्या उरलेल्या पावाचा टोस्ट. मग निखारे पूर्ण ओढून काढायचे. लाकूड ठेवण्याआधी तळावर चिमूटभर मैदा टाकायचा. काळा पडला तर थांबायचं. नुसता तांबूस झाला तर लाकूड आत, झाकण बंद. टेम्पोवाल्याला जावेने सांगून टाकलं की रंगाचं एक फळकुट दिसलं तरी गाडी परत पाठवीन. त्याने एकदा घालून पाहिलं, आणि गाडी खरंच परत गेली.

टोस्ट आणि लाकूड यांच्या मधल्या वेळात दिवाळी बसली. तुम्ही दिवाळीत कधी इथे आला नाहीत म्हणून सांगते. दिवाळीआधी आमच्या बेकरीत घरोघरचे डबे येतात. प्रत्येक घरचं तूप, साखर, मैदा वेगळा. आम्ही फक्त मळून नानकटाई भाजून द्यायची. कुणाच्या डब्यातलं कुणाच्यात जाता कामा नये, म्हणून झाकणांवर खुणा असतात: कुणी हळदीचं बोट लावतं, कुणी धागा बांधतं. पूर्वी हे डबे दुपारच्या भट्टीवर व्हायचे. या वर्षी जाऊ म्हणाली, नानकटाईला तरी कुठं कडक आच लागते? उलट मंद आचेत ती चांगली तडकते. म्हणून दुपारी, जाळाचा पत्ता नसताना, पत्र्यांमागून पत्रे आत जात होते.

अशाच एका दुपारी डॉक्टर आली. पेशंट यायला अवकाश होता. भट्टीच्या तोंडाशी वाकून तिने आत पाहिलं. आत अंधार. तिने तळवा पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

"जाळ नाही, निखारा नाही. मग हे भाजतंय कशावर?"

"सकाळवर," जाऊ म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ तिथेच वाकून उभी राहिली. प्रश्न विचारत गेली, किती वेळ गरम राहते, रात्री काय होतं, लाकूड पेट घेत नाही का. शेवटच्या प्रश्नावर तात्या खोकले. मी बाजूला सरकले. कुतूहल माणसाला लागलं की मध्ये पडू नये.

मग जावेने हात पुसले आणि सरळ विचारलं, "वरचे लोक काय म्हणत्यात? दिवाळीनंतर जाणार नगरपालिकेत?"

"मी त्यांच्याशी बोलले," डॉक्टर म्हणाली. "अर्ज देणार नाहीत. माझ्या खिडक्या आता उघड्या असतात, ते त्यांनी पाहिलंय. पण पहाटेचा धूर आहे, मावशी. तिसऱ्या मजल्यावर जातो."

जाऊ क्षणभर भट्टीच्या कडेला टेकली. मग सरळ झाली. "किती जातो?"

"येऊन बघा ना कधी."

डॉक्टर सहज म्हणाली असेल, पण जाऊ कुठलंही बोलावणं सहज घेत नाही. दिवाळी झाल्यावर एका पहाटे ती मला घेऊन दवाखान्याच्या गच्चीवर गेली. आपलं धुराडं आम्ही दोघींनी समोरून, खालून, आपल्या गच्चीवरून आयुष्यभर पाहिलं होतं. मागून, इतक्या वरून कधीच नाही. तिथून ते बुटकं आणि काळं दिसत होतं, आणि त्यातून निघालेला धूर थोडा वर जाऊन मोडत होता. वारा त्याला अलगद तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे लोटत होता. तिथे कुणाचे तरी पांढरे कपडे वाळत होते.

जावेने फोन काढला आणि खाली भट्टीपाशी असलेल्या तात्यांना लावला.

"तात्या, जाड ओंडकं आधी घालू नका. बारीक घाला, मोकळी घाला."

"तुमाला कसं कळलं म्या जाड घातलं?" त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मी वरनं बघतीया."

"वरनं कुठनं?"

"दवाखान्याच्या गच्चीवरनं."

तात्या अंगणात आले आणि मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मग आत गेले. थोड्या वेळाने धुराचा रंग बदलला, काळ्याचा करडा झाला, आणि कपड्यांपर्यंत पोचायच्या आधीच विरायला लागला. जाऊ कठड्यावर पुढे वाकली.

"आता?" तात्यांनी फोनवर विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "अजून जरा दिसतोय."